सूत कंपनीचे, विणकर परका : रेडिटच्या ॲपचा झगडा आणि त्यातला हिशोब

मोबाईलमधले एखादे ॲप हाताला बसलेले असते. बोट कुठे ठेवायचे हे डोळ्यांनी पाहावे लागत नाही. मग एक दिवस निरोप येतो की हे ॲप आता चालणार नाही, कंपनीने स्वतःचे अधिकृत ॲप काढले आहे, तेच घ्यावे. नवे ॲप फुकट असते, दिसायलाही झगमगीत असते, तरी लोक चिडतात, शिव्या देतात, काही तर कंपनीच सोडून जातात. बाहेरून पाहणाऱ्याला ही पोरासोरांची कुरकुर वाटते. व्यापारी माणसाने मात्र तिच्याकडे तसे पाहू नये. माल कोणाचा, गिऱ्हाईक कोणाचे आणि भाव ठरविण्याचा हक्क कोणाचा, हे तिन्ही प्रश्न या कुरकुरीच्या मुळाशी आहेत, आणि ते आपल्या बाजारातलेच प्रश्न आहेत.

याचे सर्वात उघडे उदाहरण अमेरिकेतील रेडिट या कंपनीचे आहे. दोन्ही बाजूंनी आकडे जाहीरपणे मांडले गेले, म्हणून हिशोब करता येतो.

रेडिट 2005 साली सुरू झाले. ज्या वाचकांनी ते पाहिलेले नाही त्यांनी एवढेच समजावे की हा गप्पांचा फार मोठा बाजार आहे. प्रत्येक विषयाचा वेगळा कट्टा असतो. कोणी प्रश्न विचारतो, कोणी उत्तर देतो, कोणी फोटो टाकतो. लिहिणारे फुकट लिहितात आणि कट्ट्यावर शिस्त ठेवणारे, ज्यांना मॉडरेटर म्हणतात, तेही बिनपगारी काम करतात. कंपनीची कमाई मुख्यतः जाहिरातींवर. म्हणजे माल लोकांचा, जागा कंपनीची आणि गल्ल्यावरही कंपनीच.

या बाजारात शिरायला दोन वाटा होत्या. एक कंपनीचे स्वतःचे दुकान. दुसरी वाट मागच्या दाराची. तिला एपीआय म्हणतात. मागचे दार म्हटल्यावर चोरीचा वहीम येतो, पण इथे तसे काही नाही. बाहेरच्या कोणत्याही कारागिराने आपले ॲप बनवावे आणि रेडिटवरील मजकूर या दाराने नेऊन आपल्या गिऱ्हाइकाला दाखवावा, याची कंपनीने राजीखुशीने परवानगी दिलेली होती. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. व्यापाऱ्याने सूत द्यायचे, यंत्रमागवाल्याने विणायचे. फरक एवढाच की इथे सूत फुकट होते आणि विणलेले कापड विणकर थेट गिऱ्हाइकाला विकत होता.

फुकट का होते, हेही पाहिले पाहिजे, कारण फुकट सूत कोणी सवाबासाठी वाटत नाही. रेडिटचे आजचे अधिकृत ॲप एप्रिल 2016 मध्ये आले. म्हणजे मोबाईल घरोघरी पोहोचला त्या काळात कंपनीचे स्वतःचे दुकान नीट लागलेलेच नव्हते. गिऱ्हाईक सांभाळले ते बाहेरच्या कारागिरांनी. आयफोनवर जेस मॉरिसे यांनी बनविलेले एलियन ब्लू हे ॲप लोकांचे सर्वात आवडते होते. ऑक्टोबर 2014 मध्ये रेडिटने ते विकतच घेतले. लोकांना वाटले की आता आपले आवडते ॲपच अधिकृत झाले. दीड वर्षाने कंपनीने नवे अधिकृत ॲप आणले आणि एलियन ब्लू दुकानातून काढून घेतले. ज्यांनी त्याची पैसे देऊन घ्यायची आवृत्ती घेतली होती, त्यांना भरपाई म्हणून रेडिटचे चार वर्षांचे खास सभासदत्व दिले. व्यवहार म्हणून हे वाईट नव्हते. तरीही लोक नाराज झाले.

ही नाराजी कशाची होती? नव्या ॲपमध्ये चित्रे मोठी, मजकूर कमी, मधूनमधून जाहिराती. जुन्यात एका नजरेत जेवढे मथळे दिसत तेवढे नव्यात दिसत नसत. बोट डावीकडे सरकवले की अमुक होते, उजवीकडे सरकवले की तमुक, ही सवय मोडली. ज्याने वीस वर्षे एकाच मापाच्या गजाने कापड मोजले, त्याच्या हातात दुसरा गज द्या आणि पाहा. गज खरा असेल, पण मोजणाऱ्याचा हात चुकतो, वेळ जातो, आणि गिऱ्हाइकासमोर अडाणी ठरल्याची लाज वाटते ती वेगळीच. ॲप बनविणाऱ्या कंपन्या या हाताच्या सवयीला किंमत देत नाहीत, कारण ती त्यांच्या वहीत कुठल्याच खात्यावर चढत नाही. कारागीर मंडळींना मात्र ती पुरती माहीत आहे. जरदोजीवाला आपली आरी दुसऱ्याला वापरायला देत नाही, ते काय उगाच?

दुसरे कारण याहून खोल आहे. बाहेरचा कारागीर ॲप बनवतो तेव्हा त्याचा मालक गिऱ्हाईक असतो. गिऱ्हाइकाला जे सोयीचे, ते तो करतो. कंपनीच्या ॲपचा खरा मालक जाहिरातदार असतो. म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये माणूस जास्त वेळ कसा थांबेल आणि जास्त जाहिराती कशा पाहील, याचा विचार आधी होतो. ही नीयत चांगली की वाईट हा मुद्दा नाही. दोन दुकानांचे मालक वेगळे, म्हणून दुकानांची मांडणी वेगळी. वापरणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण बोटाला कळते.

एलियन ब्लू गेल्यावर ती जागा रिकामी राहिली नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये ख्रिश्चन सेलिग या कॅनडातील तरुणाने अपोलो नावाचे ॲप आणले. एक माणूस, एक ॲप. वापरणाऱ्यांच्या सूचना ऐकायच्या आणि सुधारणा करीत राहायचे, ही त्याची रीत. वापरायला फुकट, जास्त सोयी हव्या असतील तर पैसे. काहींनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले. अँड्रॉइडवरही सिंक, बेकनरीडर अशी ॲपे होती. रेडिटचे अधिकृत ॲप समोर फुकट उभे असताना लोक पैसे देऊन परक्याचे ॲप घेत होते, यावरून त्याची कारागिरी समजावी.

आता कंपनीच्या बाजूने पाहा. अपोलोवर बसलेला माणूस रेडिटचा मजकूर वाचतो, रेडिटच्या यंत्रांवर भार टाकतो, पण रेडिटची एकही जाहिरात पाहत नाही, कारण मागच्या दाराने जाहिराती जात नव्हत्या. खर्च कंपनीला, उत्पन्न शून्य. त्यात 2022 च्या अखेरीपासून एक नवे गिऱ्हाईक उभे राहिले. माणसासारखी उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे शिकविण्यासाठी मोठ्या कंपन्यांना माणसांच्या गप्पांचा मजकूर हवा होता, आणि रेडिटचे गोदाम त्याने भरलेले. ज्या सुताला कोणी विचारत नव्हते त्याला अचानक निर्यातीची मागणी आली. एप्रिल 2023 मध्ये कंपनीने जाहीर केले की मागच्या दाराने माल नेणाऱ्या मोठ्या उचलदारांना यापुढे पैसे पडतील. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांचे म्हणणे असे की हा मौल्यवान माल जगातल्या बड्या कंपन्यांना फुकट देण्याचे कारण नाही. यात गैर काहीच नाही. मालकाने मालाची किंमत मागावी, हा त्याचा हक्क आहे.

गैर होते ते भावात आणि मुदतीत. हा भाग सावकाश वाचावा.

31 मे 2023 रोजी सेलिग यांनी जाहीर केले की त्यांना सांगितलेला दर 5 कोटी मागण्यांना 12,000 डॉलर आहे. मागणी म्हणजे ॲपने गोदामात जाऊन एकदा माल आणणे. मथळे आणले ही एक मागणी, त्यातली उत्तरे उघडली ही दुसरी. अपोलोच्या महिन्याला सुमारे 700 कोटी मागण्या होत होत्या. म्हणजे 140 पट. 140 गुणिले 12,000, महिन्याला जवळजवळ 17 लाख डॉलर. वर्षाला 2 कोटी डॉलर. त्या वेळच्या 82 रुपये भावाने वर्षाला सुमारे 164 कोटी रुपये. एका माणसाच्या दुकानावर!

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक जास्त म्हणून रक्कम मोठी. तर माणशी हिशोब करू. अपोलोचा सरासरी माणूस दिवसाला 344 मागण्या करीत असे. महिन्याच्या सुमारे 10,300. त्याचे होतात अडीच डॉलर, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. हा फक्त सुताचा दर. त्यावर विणकराची मजुरी, ॲपच्या दुकानाचा हिस्सा आणि कर वेगळे. फुकट वापरणाऱ्यांचा बोजाही पैसे देणाऱ्यांवरच. सेलिग यांनी तुलनेसाठी हेही सांगितले की इमगर नावाच्या फोटो ठेवणाऱ्या कंपनीला ते तेवढ्याच 5 कोटी मागण्यांचे 166 डॉलर देतात.

आपल्या बाजारात याला नाव आहे, नाही म्हणायचा भाव. ज्याला माल द्यायचा नाही त्याला तोंडावर नाही म्हणायचे नाही, असा भाव सांगायचा की तो स्वतःच सलाम करून उठेल. कंपनीची नीयत अल्लाहला ठाऊक. भावाचा परिणाम मात्र तोच झाला.

मुदत त्याहून वाईट. भाव 31 मेला उघड झाला आणि लागू होणार 1 जुलैपासून. म्हणजे तीस दिवस. ज्याने वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेले आहेत त्याचे काय व्हावे? त्याने गिऱ्हाइकाशी जुन्या खर्चावर सौदा केलेला, आणि सूत आता नव्या भावाने घ्यायचे. जुने सौदे पुरे करायला गेला तर दर महिन्याला बुडतो. भाव वाढवावा, तर ज्याने वर्षाचे पैसे आधीच भरले त्याच्याकडून वाढीव कसे मागणार? मुदत सहा महिने किंवा वर्षाची असती तर जुने सौदे फिटले असते, नवे नव्या भावाने झाले असते, आणि कदाचित अपोलो आज महाग का होईना, पण चालू असते. माझ्या मते रेडिटवरचा खरा ठपका हा आहे. भावाचा झगडा दोन्ही बाजूंनी रंगवून सांगता येतो, तीस दिवसांचे समर्थन मला कोणाचे पटलेले नाही.

सेलिग यांनी 8 जूनला जाहीर केले की 30 जून रोजी अपोलो बंद होईल. आगाऊ घेतलेल्या पैशांपैकी न वापरलेल्या महिन्यांची परतफेड करायची तर अंगावर येणारी रक्कम त्यांनी सुमारे अडीच लाख डॉलर सांगितली, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. त्यांनी ॲपमध्येच एक सोय केली. ज्याला आपले पैसे परत नको असतील त्याने तसे नोंदवावे, बाकीच्यांना परतफेड मिळेल. गिऱ्हाइकाची रक्कम ही अमानत आहे हे मानणारा माणूस असेच करील.

याच दिवसांत एक वेगळाच वाद झाला, तो लेखी व्यवहार टाळणाऱ्या आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावा. सेलिग यांनी फोनवर कंपनीला पैशांसाठी धमकावले, अशा अर्थाची गोष्ट कंपनीच्या बाजूने पसरली. सेलिग यांच्याकडे त्या फोनचे ध्वनिमुद्रण होते. त्यांनी ते जाहीर केले. त्यात कंपनीचा माणूस आपलाच गैरसमज झाल्याचे सांगून माफी मागताना ऐकू येतो. ध्वनिमुद्रण नसते तर एकट्या कारागिराचे कोणी ऐकले असते, हा विचार ज्याने त्याने करावा.

लोक मात्र नुसते चिडून राहिले नाहीत. 12 जून 2023 पासून आठ हजारांहून अधिक कट्ट्यांनी आपली दारे बंद केली. बहुतेकांनी दोन दिवसांचा बंद पाळला, काहींनी त्याहून जास्त. बिनपगारी काम करणाऱ्या मॉडरेटरांचा हा संप होता. त्यांची तक्रार अशी की कट्टा राखण्याची जी हत्यारे बाहेरच्या ॲपांत होती ती कंपनीच्या ॲपमध्ये नाहीत. अंध वापरणाऱ्यांची तक्रार त्याहून रास्त होती. मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेशी कंपनीचे ॲप नीट जुळत नव्हते, बाहेरची काही जुळत होती. आवडीनिवड बाजूला ठेवा, या लोकांना बाजारात शिरायचे दारच बंद होणार होते. कंपनीने शेवटी अंधांच्या सोयीसाठी बनविलेल्या, नफा न कमावणाऱ्या काही ॲपांना सूट दिली. बाकी बाबतीत माघार घेतली नाही. उलट, कट्टे उघडले नाहीत तर दुसरे मॉडरेटर नेमू, असे कळविले.

संपाचे फळ काय? खरे सांगायचे तर कंपनी जिंकली. फेब्रुवारी 2024 मध्ये गुगलशी मजकूर पुरविण्याचा करार जाहीर झाला. वृत्तसंस्थांनी त्याची रक्कम वर्षाला सुमारे 6 कोटी डॉलर सांगितली. मार्च 2024 मध्ये रेडिटचा शेअर 34 डॉलरने बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी बराच वर चढला. त्याच वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीला नफा झाला, आणि वर्षअखेर रोज येणाऱ्यांची संख्या 10 कोटींच्या पुढे गेली. चिडलेले गिऱ्हाईक नेहमी दुकान बदलते असे आपण म्हणतो. बाजारात दुसरे तसे दुकानच नसेल तर ते दोन दिवस रुसते आणि परत येते. हे कटू आहे, पण आकडे तेच सांगतात. बाहेरच्या ॲपांपैकी रिले, नारव्हाल अशी थोडी टिकली, ती महिन्याचे पैसे घेऊन.

रेडिट एकटे नाही. ट्विटरने हेच आधी केले होते. लोरेन ब्रिक्टर यांचे ट्वीटी हे ॲप ट्विटरने एप्रिल 2010 मध्ये विकत घेऊन आपले अधिकृत ॲप केले. पडदा बोटाने खाली ओढला की ताजे संदेश येतात, ही आज सगळीकडे दिसणारी युक्ती त्याच कारागिराची. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने त्या ॲपच्या माथ्यावर एक पट्टी बसविली. तिच्यात गाजणारे विषय आणि जाहिरातीचे विषय दिसत. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच महिन्याअखेर ती काढावी लागली. जानेवारी 2023 मध्ये मात्र नव्या मालकाच्या काळात ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक ही जुनी बाहेरची ॲपे एका रात्रीत बंद पडली. बंदीचा नियम नंतर लिहिला गेला, दार आधी बंद झाले. तिथे तीस दिवसही मिळाले नाहीत.

आता आपल्याकडे या. आपल्या बाजारात रेडिटवर बसणारे थोडे, पण व्हॉट्सॲपवर सगळेच. त्याच्या नकली आवृत्त्या, जीबी व्हॉट्सॲप वगैरे, अनेकांना प्रिय आहेत, कारण एका फोनवर दुसरा नंबर चालतो आणि निळी खूण लपवता येते. वर सांगितलेल्या ॲपांना निदान मागच्या दाराची परवानगी होती. यांना तीही नाही. व्हॉट्सॲपचा नियम स्पष्ट आहे. अनधिकृत ॲप वापरणाऱ्याचा नंबर आधी तात्पुरता आणि ऐकले नाही तर कायमचा बंद होऊ शकतो. ज्या नंबरावर दहा वर्षांचे गिऱ्हाईक येते, तो नंबर निळी खूण लपविण्यासाठी डावावर लावणे हा कोणता कारोबार? दुसऱ्या नंबरासाठी तर आता गरजही उरलेली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये अधिकृत व्हॉट्सॲपनेच अँड्रॉइडवर दोन खाती चालविण्याची सोय दिली. दुकानासाठीचे व्हॉट्सॲप बिझनेस 2018 पासून फुकट मिळते आणि त्यात मालाची यादी फोटोंसह लावता येते. हात दोन आठवडे चुकेल, मग बसेल.

29 जून 2020 ची गोष्टही विसरू नये. त्या दिवशी सरकारने 59 चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते, तसेच कपडे विकणारी शीन आणि क्लब फॅक्टरी ही ॲपेही होती. टिकटॉकवर नाव कमावलेले लोक पुढे इन्स्टाग्रामच्या रील्सकडे गेले, पण पाहणारे बरोबर नेता आले नाहीत. ते टिकटॉकच्या वहीत होते.

म्हणून गिऱ्हाइकाचे नाव, नंबर आणि त्याने काय माल नेला याची नोंद आपल्या स्वतःच्या वहीत किंवा संगणकात असावी, कुठल्या एका ॲपच्या पोटात नव्हे. मालाचे मूळ फोटो आपल्याकडे ठेवावेत. ज्या भगिनी घरबसल्या मोबाईलवर मेंदी, शिलाई किंवा जरदोजीचे वर्ग चालवितात आणि वर्षाची फी एकदम घेतात, त्यांनी अपोलोचा हिशोब दोनदा वाचावा. वर्षाचे सहा हजार घेतले असतील तर पहिल्या महिन्यात कमाई पाचशेच झाली, बाकी साडेपाच हजार अजून शिकणारीचे आहेत. ते वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि दर महिन्याला पाचशे उचलावेत. ॲप मध्येच बंद पडले तर परत द्यायला रक्कम तयार असेल. हे जमत नसेल तर फी महिन्याचीच घ्यावी.